एकाच हायपोच्या बाटलीची किती कामं? खाडीचं पाणी, विहिरीचं पाणी आणि दोन शास्त्रांची मोजमापं (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाडीकाठ

पदवीच्या शेवटच्या वर्षासाठी प्रकल्प आखायचा आहे. चार मुलं रसायनशास्त्राची, चार सूक्ष्मजीवशास्त्राची. पाणी तीन ठिकाणचं: रत्नागिरीच्या भाट्ये खाडीचं तोंड, तिथून वर कांदळवनाच्या पट्ट्यातलं, आणि चढावरच्या वाडीतली जांभ्यात खोदलेली विहीर, जिच्यात पंचायतीचं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडतं. मोजायचं ते असं: विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी (पाण्यातली घाण खाताना जीवाणू वापरतात तो ऑक्सिजन), सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन), कोलिफॉर्म (मैल्याची खूण मानले जाणारे जीवाणू) आणि जमल्यास व्हिब्रिओ (खाऱ्या पाण्यातले जीवाणू). पाण्याचा अहवाल काढणं हा हेतू नाही. रसायनवाले कसे मोजतात, जीववाले कसे मोजतात आणि दोघे कुठे फसतात, हे मुलांना एका बाकावर दिसावं.

सामानाची यादी करताना एक गंमत दिसली. सोडियम थायोसल्फेट, म्हणजे आपलं हायपो, चार ठिकाणी आलं: विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या विंक्लरच्या टायट्रेशनला, निर्जंतुक नमुना-बाटलीत, एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाइडच्या) काळ्या होणाऱ्या बाटलीतल्या माध्यमात आणि व्हिब्रिओ वाढवायच्या टीसीबीएस अगारमध्ये. तर प्रश्न:

१. हायपोचं एकच द्रावण करून सगळ्यांनी वापरलं तर?
२. एकाच बाटलीत पाणी आणून दोन्ही गटांनी वाटून घेतलं तर?
३. दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडताना काय जपायचं?

ब्युरेटवाले

पहिल्याचं उत्तर: अजिबात नको. पावडर एकाच बरणीतली चालेल, द्रावणं वेगळी.

टायट्रेशनच्या हायपोला आकडा अचूक लागतो. ०.०२५ मोलर करायचं तर पाच रेणू पाण्याचे स्फटिक ६.२०५ ग्रॅम, एक लिटरमध्ये. पण वजन करून मिळालेल्या आकड्यावर भरवसा ठेवायचा नाही. हे स्फटिक कोरड्या उष्ण हवेत पाणी सोडतात आणि आपल्याकडच्या श्रावणातल्या हवेत ओलावा धरतात, म्हणून हायपो कधीच प्राथमिक प्रमाण (नुसत्या वजनावर विसंबता येईल असा पदार्थ) धरत नाहीत. पोटॅशियम डायक्रोमेट सुकवून त्याचं ०.०२५ नॉर्मल द्रावण करा (१.२२६ ग्रॅम प्रति लिटर). त्यातलं २० मिलि घ्या, दोनेक ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आणि सल्फ्युरिक आम्ल घालून झाकून पाच-सहा मिनिटं अंधारात ठेवा. मग पाणी वाढवून हायपोने टायट्रेट करा. शेवटी रंग पूर्ण जात नाही, निळ्याचा फिकट हिरवा होतो. तो क्रोमियमचा हिरवा. दरवर्षी कोणीतरी तो घालवायच्या नादात हायपो ओतत बसतं, हे आधीच सांगून ठेवा.

आता तुमच्या प्रकल्पाला साजेशी गोष्ट. हे द्रावण ताज्या उकळून गार केलेल्या पाण्यातच का करायचं? एक कारण रासायनिक: पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडने आम्लता येते आणि थायोसल्फेट फुटून गंधकाचा दुधी गढूळपणा येतो. म्हणून लिटरमागे ०.४ ग्रॅम कॉस्टिक सोडाही घालतात. दुसरं कारण जैविक: गंधकावर जगणारे जीवाणू थायोसल्फेट खातात. उकळल्याने तेही मरतात. जुन्या प्रयोगशाळांतून हायपोच्या बाटलीत क्लोरोफॉर्मचे दोन-चार थेंब टाकलेले असत ते यासाठीच. म्हणजे रसायनवाल्यांच्या प्रमाण द्रावणाची शक्ती उतरते त्यामागे एक चोर सूक्ष्मजीवशास्त्राच्या खोलीतला असू शकतो. दर आठवड्याला डायक्रोमेटशी पडताळा घ्याच.

जांभळी_वसाहत

नमुना-बाटलीतल्या हायपोची गोष्ट बरोबर उलटी. तिथे अचूकपणाला काही किंमत नाही, पुरून उरलं म्हणजे झालं. १२० मिलिच्या बाटलीत ३ टक्क्यांच्या द्रावणाचं ०.१ मिलि. ते सुमारे ५ मिग्रॅ प्रति लिटर क्लोरीन मारतं. हे आधी घालायचं आणि मग बाटली ऑटोक्लेव्ह करायची: १२१ अंश, १५ पौंड दाब, १५ मिनिटं. विहिरीत टीसीएल असेल आणि बाटलीत हायपो नसेल, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत क्लोरीन आपलं काम करत राहतो. जीवाणू वाटेतच मरतात आणि विहीर कागदावर स्वच्छ ठरते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथूनच निघतं. एक बाटली दोघांना चालत नाही, कारण बाटली भरायची रीतच दोघांची उलटी आहे.

रसायनवाला बाटली नमुन्याच्याच पाण्याने तीनदा विसळून घेतो. आम्ही विसळली तर हायपो वाहून जातो आणि निर्जंतुकपणाही.

ऑक्सिजनची बाटली काठोकाठ, बुडबुडा एकही नाही. आमच्या बाटलीत वर दोन-अडीच सेंटिमीटर हवा मोकळी ठेवायची, नाहीतर पेरण्यापूर्वी नीट हलवता येत नाही. आणि न हलवता वरचंच पाणी घेतलं तर तळाच्या गाळाला चिकटलेले जीवाणू तळातच राहतात.

ऑक्सिजनचा नमुना काठावरच स्थिर करायचा. आमचा बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पेरायचा.

झाकण हातात धरायचं, तोंड खाली. विहिरीच्या कठड्यावर ठेवलं की संपलं.

आणि काचेबद्दल: 'स्वच्छ' हा शब्द दोघे वेगळ्या अर्थाने वापरतात. धातू मोजणारा १० टक्के नायट्रिक आम्लात बाटली भिजवतो, तिच्यात जीवाणू असले तरी त्याला फिकीर नाही. आमची बाटली निर्जंतुक असते, पण तिच्यात मेलेले जीवाणू असू शकतात. ऑटोक्लेव्ह मारतो, धूत नाही. साबणाचा किंवा आम्लाचा अंश राहिला तर आमची वाढच खुंटते. म्हणून धुतलेल्या काचेत ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन थेंब टाकून बघतात. निळसर हिरवं आलं तर ठीक, पिवळं म्हणजे आम्ल राहिलं, गर्द निळं म्हणजे अल्कली.

ब्युरेटवाले

यात भर. हायपो घातलेल्या बाटलीतलं पाणी चुकूनही क्लोरीन किंवा ऑक्सिजनच्या चाचणीला वापरू नका. विंक्लरमध्ये मोजायचं असतं ते सुटलेलं आयोडीन, आणि हायपो तेच खाऊन टाकतो. ऑक्सिजन कमी दिसेल, कारण कळणार नाही. लेबलवर मोठ्या अक्षरात 'हायपो आहे' लिहा.

विंक्लरची कृती एकदा सविस्तर लिहितो, कारण पुस्तकांतून आकडे वेगवेगळे दिसतात आणि मुलं त्यांची खिचडी करतात. पद्धत हंगेरीच्या लायोश विंक्लर यांची, १८८८ची. बाटली ३०० मिलिची, घासलेल्या तिरप्या टोकाच्या बुचाची. पाणी रबरी नळीने तळापासून भरायचं आणि दोन-तीन बाटल्यांइतकं बाहेर सांडू द्यायचं. विहिरीत पोहरा सोडून त्यातलं पाणी बाटलीत ओतलं तर तो आकडा पोहऱ्याने वाटेत मिसळलेल्या हवेचा असतो. वजन बांधलेली बाटली खोलीवर नेऊन तिथेच भरा.

मग मँगेनस सल्फेट १ मिलि आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलि, पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाखाली ठेवून. बूच लावा, उलटसुलट करा. तपकिरी साका म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. साका निम्म्यापर्यंत बसला की पुन्हा उलटसुलट. खाऱ्या पाण्यात तो हळू बसतो, म्हणून निदान दोन मिनिटं तरी द्या. मग संहत सल्फ्युरिक आम्ल १ मिलि. साका विरघळून पिवळं-तपकिरी स्वच्छ पाणी व्हायला हवं.

टायट्रेशनला २०१ मिलि घ्यायचं, २०० नाही. दोन अभिकारकांनी मिळून २ मिलि नमुना बाटलीबाहेर ढकलला, तेव्हा २०० गुणिले ३०० भागिले २९८. दोन-दोन मिलि घालणाऱ्या पुस्तकात हाच आकडा २०३ होतो. आता ०.०२५ मोलर हायपोचा १ मिलि म्हणजे लिटरला १ मिग्रॅ ऑक्सिजन, वेगळं गणित नाही. स्टार्च शेवटी, रंग गवती पिवळा झाल्यावर. आधी घातला तर आयोडीन स्टार्चला घट्ट धरून बसतो आणि शेवटचा बिंदू लांबतो.

अझाइडबद्दल सावध. ती बाटली आम्लाजवळ उघडी ठेवू नका, हायड्रॅझोइक आम्ल विषारी आहे. तांब्या-शिशाच्या नळाच्या मोरीत उरलेलं ओतायचं नाही, तिथे स्फोटक क्षार तयार होऊ शकतात.

उधाण

एवढा खटाटोप का? मीटर बुडवा, आकडा वाचा.

ब्युरेटवाले

वाचा की. पण मीटरला खारेपणा सांगितला का? ३० अंशाला गोड्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त साडेसात मिग्रॅच्या आसपास मावतो, समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. पडद्याचा मीटर खरं तर ऑक्सिजनचा दाब मोजतो, मिग्रॅ तो हिशेबाने काढतो. खारेपणा शून्य ठेवून भाट्याच्या तोंडाशी बुडवला तर पाणी आहे त्यापेक्षा सव्वा-एक मिग्रॅ श्रीमंत दिसतं. विंक्लरला खारेपणाने फरक पडत नाही, तो रेणू मोजतो. शिवाय भरती-ओहोटीत खारेपणा तासातासाला बदलतो, म्हणजे मीटरला दर वेळी नवा आकडा द्यावा लागेल. मीटर जरूर वापरा, पण सकाळी एकदा विंक्लरशी जुळवून घ्या.

उधाण

बरं, मान्य. मग कांदळवनात विंक्लर नेहमी बरोबर येईल असं म्हणायचं का?

ब्युरेटवाले

नाही, तिथे त्याचा पाय घसरतो. ओहोटीला काळ्या चिखलातून झिरपणाऱ्या पाण्यात सल्फाइड असतं. कुजक्या अंड्याचा वास आला की ओळखा. ते सुटलेलं आयोडीन परत गिळतं आणि आकडा कमी येतो. तशा पाण्यात ऑक्सिजन खरोखरच कमी असतो, त्यामुळे खरी घट किती आणि खोटी किती हे वेगळं काढावं लागतं. सोपी युक्ती: त्याच पाण्यात मँगेनस न घालता, आम्ल करून, मोजून घेतलेलं आयोडीनचं द्रावण घाला आणि हायपोने टायट्रेट करा. तेच ऊर्ध्वपातित पाण्यात करा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या पाण्याची आयोडीनची भूक. पडद्याच्या मीटरलाही सल्फाइड बाधतं, प्रकाशाच्या मीटरला फारसं नाही. उधाण, एवढ्या एका जागेपुरता तुमचा मीटर जिंकला.

विहिरीची तऱ्हा वेगळी. जांभ्यातून लोह येतं. फेरस असेल तर आकडा कमी, फेरिक असेल तर आम्लात तो आयोडाइडमधून आयोडीन सोडतो आणि आकडा जास्त. फेरिकसाठी ४० टक्के पोटॅशियम फ्लोराइड १ मिलि, आणि लगेच टायट्रेशन. त्यात टीसीएलचा उरलेला क्लोरीनही आयोडीन सोडतो, हे विसरू नका.

जांभळी_वसाहत

आता आमची बाजू. एमपीएन, म्हणजे किती नळ्यांत वाढ झाली त्यावरून काढलेला जीवाणूंचा सर्वांत संभाव्य आकडा. पाच नळ्यांत १० मिलि नमुना, पाचांत १ मिलि, पाचांत ०.१ मिलि. माध्यम मॅकॉन्की किंवा लॉरिल ट्रिप्टोज, प्रत्येक नळीत उलटी डरहॅम नळी (वायू अडकवणारी छोटी नळी). ३५ ते ३७ अंशाला २४ तास, वायू नसेल तर ४८ तासांनी पुन्हा बघा. वायू आलेल्यांतून बीजीएलबी या दुसऱ्या माध्यमात पेरून खात्री, आणि ई. कोलायसाठी ४४.५ अंशाच्या पाण्याच्या टाकीत. ही टाकी ०.२ अंशाच्या आत स्थिर हवी, साध्या इन्क्युबेटरवर भागवू नका.

१० मिलिच्या नळ्यांत माध्यम दुप्पट ताकदीचं. कारण ब्युरेटवाल्यांच्या २०१ मिलिचंच: मिसळल्याने काहीतरी पातळ होतं. त्यांनी नमुना वाढवून घेतला, आम्ही माध्यम घट्ट करतो.

डरहॅम नळीत पेरण्याआधीच बुडबुडा आहे का ते एकेक नळी उजेडात धरून बघायचं. ऑटोक्लेव्हची वाफ घाईने सोडली की आत हवा राहते, आणि दुसऱ्या दिवशी तोच 'वायू' म्हणून वहीत जातो.

समजा निकाल ५-२-० आला. तक्त्यात बघा, १०० मिलिमागे ४९. तक्ता नसेल तर थॉमसचं सूत्र: वायू आलेल्या नळ्या ७, गुणिले १००, भागिले वर्गमूळ (वायू न आलेल्या नळ्यांतला एकूण नमुना ३.५ मिलि गुणिले सगळा नमुना ५५.५ मिलि). उत्तर ५०. दोन्ही एकच समजा. पण खरी खोच पुढे आहे. ९५ टक्के खात्रीची मर्यादा त्या ४९ च्या खाली सुमारे १७ आणि वर सुमारे १३०. म्हणजे खाडीच्या तोंडाशी ४९ आणि कांदळवनात ७९ आले, तर 'कांदळवनात जास्त' असं लिहायचं नाही. त्या दोन आकड्यांत फरकच नाही.

खाडीकाठ

हे मुलांना पटवणं अवघड जातं. टायट्रेशनमध्ये ०.०५ मिलिवरून भांडतात आणि इथे दीडपटीहून जास्त फरक 'एकच समजा' म्हणायचं?

जांभळी_वसाहत

कारण चूक वेगळ्या जागी बसलेली आहे. ब्युरेटमध्ये वाचनाची चूक ०.०५ मिलि धरली तर २० मिलि खर्चावर पाव टक्का. पाण्यातले ऑक्सिजनचे रेणू एवढे अगणित की कोणताही घोट घ्या, सारखाच. जीवाणू मात्र मोजके. सरासरी नळीमागे एक जीवाणू येईल असा नमुना घेतला, तरी शंभरातल्या ३७ नळ्यांत एकही पडत नाही, काहींत दोन-तीन पडतात. हात कितीही सरावलेला असला तरी हे बदलत नाही. बदलतं ते नळ्या वाढवल्याने, आणि तेही कंजुषीने: लॉग प्रमाणातली ती रुंदी निम्मी करायची तर नळ्या चौपट.

प्लेटवरही तेच. ३० वसाहतींवर साधारण १८ टक्के, १०० वर १० टक्के, नुसत्या नशिबाची चूक. ३० पेक्षा कमी वसाहतींची प्लेट का मोजत नाहीत, ते यावरून कळतं. ३०० च्या वर का नाही, तर वसाहती एकमेकींच्या अंगावर जातात.

कोऱ्या चाचणीचाही फरक दाखवा. रसायनात ब्लँकचा आकडा येतो आणि तो वजा करतात. आमच्याकडे न पेरलेल्या नळीत वायू आला तर वजा करण्यासारखं काही नसतं. एक पेशी शिरली काय आणि हजार शिरल्या काय, सकाळपर्यंत कोट्यवधी होतात. सगळा घाणा फेकायचा. फेकताना आधी ऑटोक्लेव्ह, मग मोरी.

पाणीपरीक्षा

एक गोष्ट सुटतेय. या दोन टोकांमध्ये बीओडी बसतो आणि तुमच्या प्रकल्पाचं खरं मर्म तिथे आहे. बीओडीत मोजणी पहिल्या दिवशी विंक्लरने, शेवटच्या दिवशीही विंक्लरने. तेच ब्युरेट, तोच हायपो, तीच वाचनाची बारीक चूक. मध्ये फक्त जीवाणू. आणि त्या 'फक्त'मुळे काय होतं बघा: ग्लुकोज १५० आणि ग्लुटामिक आम्ल १५० मिग्रॅ प्रति लिटरच्या प्रमाण मिश्रणाचा २० अंशाला पाच दिवसांचा मान्य बीओडी १९८, अधिक-उणे ३०.५. म्हणजे पंधरा टक्के. टायट्रेशन कितीही चोख केलं तरी जीवाणू आपल्या मनाने जेवतात.

भारतीय मानकात बीओडी २७ अंशाला तीन दिवस, आपल्या हवामानाला ते बरं. तरी किनाऱ्यावर मे महिन्यात खोलीच तिशीच्या पुढे असते, त्यामुळे गार करणारा बीओडी इन्क्युबेटरच लागतो, साधा चालत नाही. सौम्यीकरणाच्या (नमुना पातळ करायच्या) पाण्यात लिटरमागे फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड प्रत्येकी १ मिलि. अखेरीस बाटलीत निदान १ मिग्रॅ ऑक्सिजन उरलेला हवा आणि निदान २ मिग्रॅ खर्च झालेला हवा. या दोन अटींत न बसणारी बाटली हिशेबात धरायची नाही, म्हणून सुरुवातीलाच तीन-चार वेगवेगळी सौम्यीकरणं लावा. नुसत्या सौम्यीकरणाच्या पाण्याने ०.२ मिग्रॅपेक्षा जास्त खाल्लं तर पाणी किंवा काच मळकी.

खाडीच्या नमुन्याला गोड्या सांडपाण्यातलं बीज (जीवाणूंचं विरजण) घालू नका. खारेपणाचा धक्का बसून ते आळशी होतं आणि बीओडी खोटा कमी येतो. विहिरीच्या नमुन्यातला क्लोरीन आधी सोडियम सल्फाइटने मारा आणि मग बीज घाला. इथे मात्र सल्फाइट मोजून, कारण जास्तीचं सल्फाइट स्वतःच ऑक्सिजन खातं. नमुना-बाटलीत चालणारी 'पुरून उरू दे' ही सवय इथे नडते.

सीओडीबद्दल एकच सांगतो: खाडीच्या पाण्यावर डायक्रोमेटचा सीओडी करू नका. एक मिग्रॅ क्लोराइड ०.२२६ मिग्रॅ ऑक्सिजनाइतकं डायक्रोमेट खातं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९ हजार मिग्रॅच्या घरात, म्हणजे नुसत्या मिठाचा 'सीओडी' चार हजारांच्या वर. मर्क्युरिक सल्फेटने क्लोराइड बांधता येतं, पण साधारण दोन हजार मिग्रॅपर्यंतच. त्यापुढे पाणी पातळ करत गेलात तर मोजायचं सेंद्रिय द्रव्यच दिसेनासं होतं, आणि पाऱ्याचा कचरा मात्र उरतो. खाडीसाठी अल्कधर्मी परमँगनेटची पद्धत घ्या, डायक्रोमेट फक्त विहिरीला.

खाडीकाठ

सीओडी खाडीतून कापला. एचटूएसच्या बाटलीचं काय? जलसुरक्षकाकडे (गावचं पाणी तपासणाऱ्याकडे) ती असतेच, मुलांना ओळखीची आहे.

जांभळी_वसाहत

घ्याच, शिकवायला ती फार बोलकी आहे. ही चाचणी आपल्याच देशातली, १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतून आलेली. पट्टीवर पेप्टोन, फॉस्फेट, फेरिक अमोनियम सायट्रेट, थोडा डिटर्जंट आणि तुमचा हायपो वाळवलेला असतो. खुणेपर्यंत, म्हणजे साधारण २० मिलि पाणी भरायचं आणि ठेवून द्यायचं. आपल्याकडे इन्क्युबेटरही लागत नाही. साल्मोनेला, सिट्रोबॅक्टर, प्रोटियस यांच्यासारखे जीवाणू थायोसल्फेटमधलं गंधक हायड्रोजन सल्फाइड करून सोडतात, लोहाशी मिळून आयर्न सल्फाइड होतं आणि पाणी काळं. इथे हायपो ना प्रमाण द्रावण, ना उतारा. इथे तो जेवण आहे.

दोन गोष्टी मुलांनी स्वतः शोधाव्यात. एक, ई. कोलाय स्वतः सहसा काळं करत नाही, म्हणून एमपीएन आणि ही बाटली प्रत्येक वेळी जुळतीलच असं नाही. दोन, कांदळवनाचं पाणी भरलं तर काही मिनिटांतच काळं पडू शकतं. तेवढ्यात जीवाणू वाढत नाहीत, ती चिखलातल्या सल्फाइडची रासायनिक क्रिया. म्हणून बाटली भरल्या-भरल्या, मग तासाने, मग दुसऱ्या दिवशी बघायची. किती वेळात काळं झालं त्यावरून रसायन की जीव ते ठरतं.

टीसीबीएसमध्येही हायपो गंधक पुरवायलाच असतो. हे माध्यम ऑटोक्लेव्ह करायचं नाही, नुसतं उकळून विरघळवायचं. पेरणीसाठी सौम्यीकरण ऊर्ध्वपातित पाण्यात केलंत तर खाऱ्या पाण्यातले व्हिब्रिओ फुगून फुटतात आणि मोजणी शून्याकडे जाते. ३ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी घ्या. १ मिलि ९ मिलित, प्रत्येक पायरीला नवी पिपेट. रसायनवाले पिपेट पुढच्या द्रावणाने विसळून तीच वापरतात. इथे तसं केलं तर पहिल्या नळीतले चुकार जीवाणू तिसऱ्या नळीपर्यंत प्रवास करतात. पिवळ्या वसाहती सुक्रोज आंबवणाऱ्यांच्या, हिरव्या न आंबवणाऱ्यांच्या. पण हा रंगही शेवटी आम्ल-अल्कलीचा दर्शकच. प्लेट उशिरा बघितली किंवा फ्रिजमध्ये ठेवली तर पिवळ्याचं हिरवं होतं. १८ ते २४ तासांतच वाचा. आणि व्हिब्रिओ सापडले म्हणून खाडी सांडपाण्याने भरली असं लिहू देऊ नका, ते तिथले मूळ रहिवासी आहेत.

मोरीमासा

थोडं अवांतर, पण याच जातीचं. पाण्याबरोबर मासळीही घेणार असाल तर दोन सोपी उदाहरणं.

केल्डालच्या पद्धतीने (१८८३ची) मासळीतलं नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणतात आणि त्याला प्रथिन म्हणतात. बांगड्याला ते ठीक. मुशीच्या मांसात युरिया असतो, आणि युरियात ४६.७ टक्के नायट्रोजन. मांसात नुसता १ टक्का युरिया धरला तरी जवळजवळ ३ टक्के प्रथिन फुकटचं चढतं. सुक्या जवळ्यात कवचाचं कायटिन हेच करतं. ब्रॅडफर्डच्या रंगाला (१९७६, ५९५ नॅनोमीटर) युरिया दिसत नाही, कारण हा रंग प्रथिनाच्या साखळीला चिकटतो. पण त्यालाही खोड आहे: भांड्यात डिटर्जंट राहिला तर कोरी नळीच निळी होते, आणि आलेख सरळ रेषेत जात नाही, म्हणून प्रमाण नळ्या रोज नव्याने लावाव्या लागतात.

दुसरं, बांगड्यातलं हिस्टामिन. जीवाणू हिस्टिडिनचं हिस्टामिन करतात, मग काहीही करा, बर्फाने जीवाणू थांबतात, शिजवण्याने मरतात, हिस्टामिन जसंच्या तसं. जीवाणूंची प्लेट स्वच्छ आणि मासा विषारी, असं होऊ शकतं. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) सुरक्षिततेची मर्यादा किलोला २०० मिग्रॅ. इथे प्लेट मोजून निर्वाळा देता येत नाही, रसायनच मोजावं लागतं. शिवाय एकाच माशात ते सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे एका तुकड्यावरून बोलायचं नाही.

उधाण

हे भारी आहे. म्हणजे विहिरीत नेमकं उलट: क्लोरीनचा आकडा चांगला म्हणून पाणी निर्जंतुक असं नाही.

पाणीपरीक्षा

बरोबर, आणि आपल्या भागात तर जास्तच. ऑर्थोटोल्युडिनने पिवळं आलं की क्लोरीन आहे असं धरतात. पण फेरिक लोह, नायट्राइट, मँगनीजही पिवळं करतात, आणि जांभ्याच्या विहिरीत लोखंड असतंच. त्याच पाण्यात आधी हायपोचा एक थेंब टाकून पुन्हा चाचणी करा. पिवळं तसंच राहिलं तर तो क्लोरीन नव्हता. डीपीडी (क्लोरीनच्या चाचणीचं दुसरं रसायन) असेल तर तेच वापरा. आणि क्लोरीनला वेळ द्यायला हवा. ०.५ मिग्रॅ मुक्त क्लोरीन निदान अर्धा तास, सामू (पीएच) ८ च्या खाली. टीसीएल टाकून पाच मिनिटांत घेतलेला नमुना क्लोरीनला पास आणि एमपीएनला नापास होऊ शकतो. दोन्ही चाचण्या खरं बोलत असतात.

खाडीकाठ

म्हणजे हायपोचं पाचवं काम सापडलं. शेवटचा व्यवहारी प्रश्न: किती आणायचा, आणि बाटल्या कशा लावायच्या?

ब्युरेटवाले

टायट्रेशनला दोन लिटर म्हणजे साडेबारा ग्रॅम. नमुना-बाटल्यांसाठी ३ टक्क्यांचं १०० मिलि, तीन ग्रॅम. एचटूएसच्या पट्ट्या घरी करणार असाल तर ५० मिलि माध्यमाला एक ग्रॅम. ५०० ग्रॅमची शुद्ध दर्जाची एक बरणी आणली तर पुढची कित्येक वर्षं बघायला नको, फक्त झाकण मेणाने बंद ठेवा, पावसाळ्यात खडा होतो.

बाटल्या तीन. तपकिरी काचेची, 'प्रमाण ०.०२५', खाली पडताळ्याची तारीख आणि आलेला खरा आकडा. दुसरी साधी, '३ टक्के, नमुना-बाटलीसाठी, टायट्रेशनला नाही'. तिसरी थेंबाच्या झाकणाची, क्लोरीन तपासायला. पहिलीत कोणीही पिपेट थेट बुडवायची नाही, हवा तेवढा पेल्यात ओतून घ्यायचा आणि उरलेला परत ओतायचा नाही.

जांभळी_वसाहत

आणि दुसरी बाटली दर आठवड्याला ऑटोक्लेव्हमधून काढा. नाहीतर तुमचे ते गंधकखाऊ तिच्यातही येतील.